तिबो पिनो : टूर द फ्रान्स एकदाही न जिंकलेल्या सायकलपटूवर लोक एवढा जीव का लावतात?

जानेवारी २०२६. पुण्यातल्या रस्त्यांवरचे खड्डे अचानक गायब झाले होते. कारण होतं पुणे ग्रँड टूर. १९ ते २३ जानेवारी या पाच दिवसांत, एकूण ४३७ किलोमीटरची ही सायकल शर्यत पुणे शहर आणि जिल्ह्यातल्या रस्त्यांवर झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या कॅलेंडरमध्ये २.२ दर्जाची बहुटप्पी रोड रेस म्हणून नोंद झालेली ही भारतातली पहिलीच शर्यत. रस्त्याच्या कडेला शाळेची पोरं, झेंडे, ढोल-ताशे, बाल्कनीतून मोबाईल धरलेले हात, सगळं होतं. घोळका आला, चाकांचा सर्रकन आवाज झाला आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळं संपलं.

त्या दहा सेकंदांत लोकांनी आरडाओरडा केला तो नक्की कुणासाठी? समोरून गेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव घेऊन ओरडणारे किती होते? ओळखीचं कुणी नसलं की माणूस जाईल त्याला टाळ्या वाजवतो, आणि पुणेकरांनीही तेच केलं. त्यात चूक काही नाही.

पण याच खेळात असाही एक माणूस होऊन गेला, ज्याच्या नावानं डोंगरातलं एक अख्खं वळण ओळखलं गेलं. तिथं लोक आदल्या दिवसापासून जाऊन बसले, रस्त्यावर त्याचं नाव रंगवलं, आणि तो आला तेव्हा पुढचं दिसू नये इतका रंगीत धूर केला. गंमत म्हणजे या माणसानं जगातली सगळ्यात मोठी सायकल शर्यत कधीच जिंकली नाही. उलट ती हरण्याचे जेवढे म्हणून प्रकार असतील, तेवढे त्यानं करून पाहिले. तरी त्याच्या रडण्याचे व्हिडिओ आजही फिरतात, त्याच्या शेळ्यांच्या फोटोंवर लोक कमेंट करतात.

त्याचं नाव तिबो पिनो.

आधी खेळ समजून घेऊ

टूर द फ्रान्स ही तीन आठवडे चालणारी शर्यत आहे. २१ टप्पे, साधारण साडेतीन हजार किलोमीटर. प्रत्येक टप्प्याला त्या दिवसाचा विजेता वेगळा असतो, पण सगळ्या टप्प्यांची मिळून वेळ ज्याची सर्वात कमी, तो शर्यतीचा मालक. रोज जो या यादीत पहिला असेल त्याच्या अंगावर पिवळी जर्सी असते.

डोंगरांवर वेगळे गुण मिळतात आणि त्यात पुढं असणाऱ्याला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. मराठी वाचकाला हे समजायला अवघड नाही, कारण मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. कल्पना तीच, फक्त तिथं बोरघाटाच्या जागी आल्प्स आणि पिरेनीज.

दुसरी गोष्ट, हा खेळ दिसतो एकट्याचा पण असतो संघाचा. आठ जणांच्या संघात एक नेता, बाकीचे सात जण त्याच्यासाठी वारा अडवतात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात, गरज पडली तर आपली सायकल काढून देतात. त्यामुळे नेता कोसळला की सात जणांची तीन आठवड्यांची मेहनत त्याच्यासोबत कोसळते. पिनो आयुष्यभर हा असा नेता होता, आणि कोसळणं हा त्याच्या कारकिर्दीचा जवळजवळ स्थायीभाव होता.

गाडीच्या खिडकीतून बाहेर लोंबकळणारा मॅनेजर

पिनोचा जन्म २९ मे १९९० चा. फ्रान्सच्या पूर्वेला वोझ पर्वताच्या पायथ्याशी मेलिझे नावाचं छोटं गाव आहे, तो तिथला. वडील गावचे महापौर होते. महापौर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लाल दिव्याची गाडी येते, पण फ्रान्समध्ये लहानातल्या लहान गावालाही महापौर असतो. आपल्याकडच्या सरपंचासारखं समजा.

२०१० मध्ये तो एफडीजे या फ्रेंच संघात दाखल झाला. फ्रान्सच्या राष्ट्रीय लॉटरी कंपनीनं पैसा लावलेला हा संघ. २०२३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो याच संघाकडून खेळला. या खेळात दर दोन-तीन वर्षांनी जर्सी बदलणारे शेकड्यानं सापडतात, त्यामुळे ही गोष्ट लोकांच्या नजरेत भरली.

२०१२ च्या टूरमध्ये तो सगळ्यात तरुण स्पर्धक होता, वय २२. ८ जुलैला आठवा टप्पा बेल्फोर शहरातून निघून स्वित्झर्लंडमधल्या पोराँत्रुईला संपणार होता. बेल्फोर म्हणजे त्याच्या घराजवळचंच शहर. शेवटच्या काही किलोमीटरला पिनो एकटाच पुढं निघाला आणि मागून घोळका त्याला गाठायला धावत होता. त्याच्या मागच्या गाडीत संघाचा मॅनेजर मार्क मादियो होता. हा मादियो स्वतः जुना सायकलपटू. त्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, गाडीचा दरवाजा बडवायला सुरुवात केली आणि घसा फुटेस्तोवर पिनोच्या नावानं ओरडत राहिला. पिनो जिंकला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो मादियो. ती क्लिप आजही दर जुलैमध्ये उगवते. भाषा कळायची गरजच नाही, एक पन्नाशीतला माणूस लहान पोरासारखा वेडा झालेला दिसतो, एवढं पुरेसं आहे.

पिनोच्या लोकप्रियतेची सुरुवात इथून झाली असं म्हणता येईल. तेव्हा सोशल मीडिया आजच्याइतका पसरलेला नव्हता, तरी तीस सेकंदांच्या व्हिडिओत जे लागतं ते सगळं त्यात होतं.

पुढच्याच वर्षी माशी शिंकली. २०१३ च्या टूरमध्ये पिनो चढाला सगळ्यांसोबत असायचा आणि उतार लागला की मागं पडायचा. त्याला वेगाची भीती वाटत होती. सिंहगडावरून सायकलनं खाली उतरताना ज्यांनी दोन्ही ब्रेक घट्ट आवळून धरलेत, त्यांना ही भीती माहिती असेल. फरक एवढाच की पिनोला ताशी ७०-८० किलोमीटरनं उतरायचं होतं आणि ते सगळं टीव्हीवर दिसत होतं. त्यानं ही भीती लपवली नाही, पत्रकारांसमोर सरळ कबूल केली. व्यावसायिक खेळाडूनं अशी कबुली देणं त्या काळी फारसं होत नव्हतं. शिवाय त्याला ऊनही सोसत नाही हे सगळ्या फ्रान्सला माहिती झालं होतं. शर्यत जुलैमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात. घोडं नेमकं तिथंच अडायचं.

२०१४ मध्ये मात्र तो टूरमध्ये तिसरा आला आणि तरुणांमधल्या सर्वोत्तम स्पर्धकाची पांढरी जर्सीही त्यानं मिळवली. त्याच वर्षी जाँ-क्रिस्तॉफ पेरो दुसरा आला. १९९७ नंतर पहिल्यांदाच फ्रेंच माणसं पोडियमवर उभी होती. २०१५ मध्ये त्यानं आल्प द्युएझ हा २१ वळणांचा प्रसिद्ध घाट जिंकला. फ्रान्समध्ये एकच चर्चा सुरू झाली, हाच तो.

'हाच तो' म्हणजे काय? फ्रान्समध्ये जन्मलेली, फ्रान्सच्या रस्त्यांवर होणारी ही शर्यत एखाद्या फ्रेंच पुरुषानं शेवटची जिंकली ती १९८५ मध्ये. बर्नार इनो त्याचं नाव. तेव्हापासून अमेरिका, स्पेन, इटली, ब्रिटन, कोलंबिया, स्लोव्हेनिया, सगळ्यांनी जिंकून नेली आणि यजमान मात्र दरवर्षी मांडव घालून पाहुण्यांची लग्नं लावतोय. प्रत्येक नव्या फ्रेंच पोरावर या चाळीस वर्षांचं ओझं येतं. पिनोवर ते सगळ्यात जास्त आलं.

२०१९ चा जुलै

२०१८ मध्ये पिनो इटलीच्या मोठ्या शर्यतीत, जिरो द'इटालियात, शेवटून दुसऱ्या दिवसापर्यंत तिसऱ्या क्रमांकावर होता. त्या दिवशी डोंगरात तो अक्षरशः रस्त्यावर डोलायला लागला. कसाबसा टप्पा पूर्ण केला आणि थेट हॉस्पिटलमध्ये. न्यूमोनिया झाला होता. शेवटचा दिवस निवांत असतो, तो फक्त काढायचा होता. पण नाही. त्याच वर्षी शरद ऋतूत त्यानं इटलीतली लोंबार्दिया ही मानाची एकदिवसीय शर्यत जिंकली आणि सगळं विसरायला लावलं.

मग आला २०१९. या वर्षीची टूर फ्रान्समधल्या लोकांना आजही तोंडपाठ आहे. एकीकडे जुलियाँ अलाफिलिप हा दुसरा फ्रेंच सायकलपटू कुणाच्या ध्यानीमनी नसताना पिवळी जर्सी घालून बसला होता, तब्बल १४ दिवस. दुसरीकडे पिनो आयुष्यातल्या सर्वोत्तम फॉर्ममध्ये. दहाव्या टप्प्यात आडव्या वाऱ्यानं घोळका फुटला आणि त्याचा दीडेक मिनिटाहून अधिक वेळ गेला, तरी खचला नाही. २० जुलैला तूरमाले हा पिरेनीजमधला घाट त्यानं जिंकला, वर खुद्द राष्ट्राध्यक्ष माक्राँ उभे होते. दुसऱ्या दिवशीच्या चढावरही त्यानं बाकीच्या दावेदारांना मागं टाकलं. आल्प्स बाकी होते आणि चढाला त्याच्या तोडीचं कुणी दिसत नव्हतं. ३४ वर्षांची प्रतीक्षा संपणार, असं जाणकारही बोलायला लागले.

सतराव्या टप्प्यात एक पडझड चुकवताना त्याची डावी मांडी हँडलवर आदळली. साधी गोष्ट, रोज कुणाला तरी होते. पण आतला स्नायू फाटला होता. त्यानं दोन दिवस ते कुणाला कळू दिलं नाही. २६ जुलैला एकोणिसावा टप्पा सुरू झाला आणि थोड्याच वेळात तो घोळक्याच्या मागं पडलेला दिसला. डॉक्टरांच्या गाडीजवळ गेला, मांडीला पट्टी बांधली, पुन्हा पेडल मारून पाहिलं. रस्ता काही फार अवघडही नव्हता. तो रडत होता. विल्यम बोने नावाचा त्याचा संघातला जुना सोबती शेजारी येऊन चालत्या सायकलवरून त्याच्या खांद्यावर हात टाकून जात राहिला. थोड्या वेळानं पिनो थांबला आणि सायकलवरून उतरून गाडीत बसला.

त्याच दिवशी पुढं गारपीट झाली, दरड कोसळली, टप्पा मध्येच थांबवावा लागला आणि पिवळी जर्सी कोलंबियाच्या एगान बर्नालकडे गेली. शर्यत त्यानंच जिंकली. पण त्या दिवशीचं फ्रान्सला आठवतं ते चित्र बर्नालचं नाही. एक माणूस रडत पेडल मारतोय आणि दुसऱ्याचा हात त्याच्या खांद्यावर आहे, हे ते चित्र.

आपल्याकडच्या वाचकाला ही भावना कळायला लांब जायला नको. त्याच महिन्यात, १० जुलै २०१९ ला, मँचेस्टरमध्ये वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला मार्टिन गप्टिलचा थ्रो स्टंपवर लागला होता आणि धोनी काही इंचांनी रनआऊट झाला होता. भारत १८ धावांनी हरला. अर्थात धोनीच्या कपाटात तोवर दोन वर्ल्ड कप जमा झालेले होते, पिनोचं कपाट त्या बाबतीत रिकामंच. त्यामुळे तुलना करायचीच तर १९६० च्या मिल्खा सिंगशी किंवा १९८४ मध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागानं पदक हुकलेल्या पी. टी. उषाशी जास्त जवळची ठरेल. त्या शर्यतींत पदकं कुणाला मिळाली हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? पण चौथं कोण आलं ते घराघरात माहिती आहे.

२०२० मध्ये टूर करोनामुळे ऑगस्टच्या शेवटी सुरू झाली. पहिल्याच दिवशी, नीस शहरात, पावसानं निसरड्या झालेल्या रस्त्यावर संपायला तीनेक किलोमीटर असताना पिनो पडला. पाठ कामातून गेली. त्या टूरचा शेवटून दुसरा टप्पा, वैयक्तिक वेळेची शर्यत, मुद्दाम आखल्यासारखा त्याच्या गावातून, मेलिझेतून जात होता. गावानं रस्ताभर त्याचं नाव रंगवून ठेवलं होतं. ज्या दिवशी त्यानं पिवळ्या जर्सीसाठी झुंजायचं, त्या दिवशी तो दुखऱ्या पाठीनं आपल्याच घरावरून पुढं गेला.

पाठीनं त्याला पुढचं दीड-दोन वर्षं छळलं. एप्रिल २०२२ मध्ये आल्प्समधल्या एका छोट्या शर्यतीत तो एका टप्प्यात थोडक्यासाठी दुसरा आला आणि कॅमेऱ्यासमोर पुन्हा रडला. दुसऱ्याच दिवशी तो जिंकला. तूरमालेनंतर पावणेतीन वर्षांनी मिळालेला पहिला विजय.

त्याच्या हातावर इटालियन भाषेत एक टॅटू आहे. अर्थ असा, की फक्त विजयच सुंदर असतो. फ्रान्सनं बहुधा तो टॅटू वाचलाच नाही.

हरणाऱ्यावर प्रेम करायची जुनी खोड

पिनोवरचं प्रेम इंटरनेटनं वाढवलं हे खरं, पण ते तिथं जन्मलं नाही. त्यासाठी ६० वर्षं मागं जावं लागतं.

१९६० च्या दशकात फ्रान्समध्ये दोन मोठे सायकलपटू होते. जाक आंक्तील आणि रेमों पुलिदोर. आंक्तील पाच वेळा टूर जिंकला. पुलिदोर एकदाही नाही. तीनदा दुसरा, पाचदा तिसरा. आठ वेळा पोडियमवर उभा राहिलेल्या या माणसाला पिवळी जर्सी एका दिवसासाठीसुद्धा घालायला मिळाली नाही. १९६४ मध्ये प्युई द डोम या डोंगरावर दोघं एकमेकांच्या खांद्याला खांदा घासत चढत गेले, तो फोटो या खेळातला सगळ्यात प्रसिद्ध फोटो मानला जातो. पुलिदोर ती टूर ५५ सेकंदांनी हरला.

आणि तरी लोकप्रिय कोण? पुलिदोर. आंक्तील देखणा, हिशेबी, थंड डोक्याचा. पुलिदोर कुळानं शेती करणाऱ्या घरातला, शेतात राबलेला. लोक त्याला लाडानं 'पुपू' म्हणायचे. कायम दुसऱ्या नंबरवर राहणाऱ्याला फ्रेंच भाषेत आजही 'पुलिदोर' म्हणतात, मग तो राजकारणी असो की वर्गातला मुलगा. निवृत्तीनंतर पिवळ्या जर्सीची प्रायोजक असलेल्या बँकेनंच त्याला पाहुणा म्हणून टूरसोबत फिरवलं, त्यामुळे आयुष्यभर न मिळालेला पिवळा रंग त्याच्या अंगावर आला तो असा, प्रायोजकाच्या शर्टाच्या रूपानं. १३ नोव्हेंबर २०१९ ला तो गेला. दीड वर्षानं, २०२१ च्या टूरमध्ये त्याचा नातू मातियू फान डेर पूल यानं दुसऱ्याच टप्प्यात पिवळी जर्सी मिळवली आणि आकाशाकडे बोट दाखवलं.

पिनो हा पुलिदोरच्या वंशातला. खेड्यातला, जमिनीशी बांधलेला, आणि नशीब फुटकं. त्यात आणखी एक गोष्ट मिसळली, ती म्हणजे विश्वास. १९९८ मध्ये फेस्तिना संघाच्या गाडीत उत्तेजकांचा साठा सापडला, पुढं लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली. या सगळ्यानंतर फ्रेंच प्रेक्षक जिंकणाऱ्याकडे आधी संशयानं बघायला शिकला. जो उन्हानं गळून जातो, उताराला घाबरतो, आजारी पडतो आणि कधी जिंकतो कधी हरतो, तो माणूस त्याला आपल्यासारखा वाटला. पिनोच्या हरण्यातच लोकांना त्याचा पुरावा सापडला. हे तर्कशास्त्रात कितपत बसतं हा वेगळा प्रश्न, पण चाहते तर्कशास्त्र घेऊन बसत नाहीत.

मग ऑनलाईन नक्की काय झालं?

पिनोच्या चाहत्यांचा एक गट आहे, 'कलेक्टिफ अल्ट्रा पिनो'. अल्ट्रा हा शब्द फुटबॉलमधला. गोलपोस्टच्या मागं उभं राहून ९० मिनिटं गाणी म्हणणारे कट्टर समर्थक म्हणजे अल्ट्रा. सायकलिंगला स्टेडियम नसतं, त्यामुळे असे अल्ट्राही नसायचे. ट्विटरवर एकमेकांना भेटलेल्या या लोकांनी तो प्रकार डोंगरात नेला, आणि त्यांची भाषा मुद्दाम अतिशयोक्तीची. पिनो कुठल्याशा छोट्या शर्यतीत सातवा आला तरी जणू साम्राज्य जिंकलंय असा थाट. तो हरला की राष्ट्रीय दुखवटा. यात थट्टा किती आणि खरं प्रेम किती हे त्यांनाही सांगता येणार नाही. मीम करणाऱ्यांना जिंकणारा माणूस फारसा उपयोगाचा नसतो, हेही लक्षात घ्यायला हवं. सतत जिंकणाऱ्यावर विनोद काय करणार?

दुसरीकडे पिनो स्वतः सोशल मीडियावर कसा होता? बेताचा. खेळाडूंचे अकाउंट एजन्सी चालवते हे आता लपून राहिलेलं नाही. प्रायोजकाचा बूट, प्रायोजकाचं पेय, खाली तीन इमोजी. पिनोकडे शेळ्या होत्या. मेलिझेजवळ त्यानं जनावरं पाळली होती आणि मोसम संपला की तो त्यांच्यात रमायचा. गवत, चिखल, शेळी. या फोटोंना जो प्रतिसाद मिळायचा तो पाहून एखाद्या मार्केटिंगवाल्यानं कपाळाला हात लावला असता.

८ जून २०२३ ला नेटफ्लिक्सवर टूर द फ्रान्सवरची मालिका आली. फॉर्म्युला वनवरच्या मालिकेनं त्या खेळाला जगभर नवा प्रेक्षक मिळवून दिला होता, तोच प्रयोग इथं करायचा होता. त्यात पिनो आणि मादियो दोघंही दिसतात. फ्रान्सबाहेरच्या ज्या लोकांनी कधी सायकल शर्यत पाहिली नव्हती, त्यांना हा गडी इथं पहिल्यांदा भेटला. पण तोवर त्यानं निवृत्ती जाहीर केली होती. जानेवारी २०२३ मध्येच त्यानं सांगून टाकलं होतं, हे शेवटचं वर्ष.

आणि त्या शेवटच्या वर्षी त्यानं काय केलं? मे महिन्यात जिरोमध्ये दोन टप्प्यांत दुसरा आला. दुसराच! मात्र डोंगरांच्या राजाची निळी जर्सी त्याची, आणि एकूण यादीत पाचवा.

मग २२ जुलै. टूरचा विसावा टप्पा. सुरुवात बेल्फोरहून, म्हणजे २०१२ मध्ये त्यानं पहिला टप्पा जिंकला तेव्हा जिथून निघाला होता तिथूनच. वाटेत पेती बालों नावाचा घाट. त्याच्यावरचं एक वळण चाहत्यांनी ताब्यात घेतलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं 'व्हिराज पिनो'. व्हिराज म्हणजे वळण, पण फुटबॉलच्या मैदानात अल्ट्रा बसतात त्या गॅलरीलाही हाच शब्द आहे. हजारो माणसं, मशाली, ड्रम. पिनो त्या दिवशी हल्ला करून पुढं निघाला आणि त्या वळणावर पोचला तेव्हा तो एकटा होता, शर्यतीत सगळ्यात पुढं. सिनेमात लिहिलं असतं तर कुणी पटवून घेतलं नसतं.

अर्थात टप्पा तो जिंकला नाही. पुढच्या चढावर मागून आलेल्यांनी त्याला गाठलं आणि शेवटी जिंकला स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार. हे सांगायला हवं, कारण त्या दिवसाचे जे व्हिडिओ फिरतात त्यांपैकी बहुतेकांत हा भागच नसतो. ते वळणावर संपतात.

७ ऑक्टोबरला लोंबार्दियात त्याची शेवटची शर्यत झाली. चाहते इटलीतही पोचले. बेर्गामोच्या जुन्या शहरातल्या चढावर त्यांनी पुन्हा तसंच वळण उभं केलं.

पुण्याशी याचा काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा जास्त. पहाटे खडकवासल्याच्या दिशेनं निघालेल्या सायकलींच्या रांगा पाहिल्या, तर त्यातले बरेच जण 'ब्रेव्हे'ची तयारी करत असतात. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या या राईड पुण्यात 'पुणे रँदोनर्स' भरवतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस. पूर्ण केलेल्या प्रत्येक राईडची नोंद पॅरिसमधल्या ओदाक्स क्लब पारिझियाँ या संस्थेकडे होते. ब्रेव्हे, रँदोनर, पेलोटाँ... पुण्यातला हौशी सायकलस्वार रोज फ्रेंच बोलतो, फक्त त्याला ते माहिती नसतं. त्याची सायकल डेकॅथलॉनची असेल तर ती कंपनीही फ्रेंचच. याच कंपनीच्या संघात पॉल सेक्सास हा २००६ मध्ये जन्मलेला पोरगा आहे आणि सध्या फ्रान्सनं १९८५ चं ओझं त्याच्या खांद्यावर द्यायला सुरुवात केली आहे. २०२५ मध्ये युरोपियन स्पर्धेत तो तिसरा आला, पोगाचार आणि एव्हनपूल या दोघांच्याच मागं. वय १९. याच वर्षी पोलीन फेराँ-प्रेव्होनं महिलांची टूर जिंकून दाखवली, म्हणजे पुरुषांचं काय ते त्यांनी बघावं.

पण पुण्याच्या दृष्टीनं खरा प्रश्न वेगळा आहे. सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या या गावात घाटाचे राजे होऊन गेले, राष्ट्रीय पदकं मिळवणारी मुलं-मुली महाराष्ट्रात आजही आहेत. त्यांचं नाव कुणाच्या तोंडी का नाही? उत्तर 'ते जिंकत नाहीत म्हणून' असं असतं, तर पिनोचंही नाव कुणाला माहिती नसतं.

पिनो लोकांना दिसत होता. दरवर्षी, त्याच महिन्यात, सरकारी वाहिनीवर फुकट, रोज चार-पाच तास. २०१२ मध्ये त्याला ओरडताना ऐकलेल्या पोरानं २०१९ मध्ये त्याला रडताना पाहिलं आणि २०२३ मध्ये गाडी काढून डोंगरात गेला. अकरा वर्षं एकाच माणसाच्या मागं जाता येणं ही चैन आहे. त्यासाठी शर्यत दरवर्षी त्याच तारखांना व्हावी लागते, संघ टिकावा लागतो, कॅमेरा मागं पडलेल्यावरही थांबावा लागतो. आपल्याकडे शर्यत झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात विजेत्याचं नाव आणि प्रमुख पाहुण्यांची यादी येते. यादी लांब असते. वळणावर मागं पडलेला मुलगा कोण होता, तो कुठल्या गावचा, पुढच्या वर्षी येणार का, हे कळायला काही मार्गच नसतो. ज्याचं हरणं आपण पाहिलंच नाही, त्याच्यासाठी हळहळणार कसं?

पुणे ग्रँड टूरमुळे पुणेकरांना निदान घोळका दिसला. ती दरवर्षी होत राहिली तर चौथ्या-पाचव्या वर्षी एखादं नाव रस्त्यावर खडूनं लिहिलेलं सापडेलही.

तोवर पुण्यातल्या रँदोनर मंडळींचं लक्ष २०२७ कडे आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे. दर चार वर्षांनी होणारी १२०० किलोमीटरची राईड, ९० तासांत पूर्ण करायची. २०२३ मध्ये ती पॅरिसजवळच्या रांबुइएहून सुटली होती. रात्री दोन-दोन वाजता वाटेतल्या गावांमधले लोक अंगणात टेबल मांडून अनोळखी सायकलस्वारांना कॉफी देतात. पहिला, दुसरा, तिसरा असा क्रमांक तिथं काढतच नाहीत.